मोठी परात आणि एकच लॉगिन

तमाम सज्ञान नागरिकांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या मे महिन्यातील एका सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मौजे रिठद हे गाव आमच्या कंपनीच्या दप्तरी मयत झाले. गावात त्या वेळी माणसे, गुरे, दोन पिठाच्या चक्क्या आणि एक वरात सुरळीत चालू होती. तरीही आमच्या कॉम्प्युटरच्या मते गाव मयत होते, आणि आमच्याकडे कॉम्प्युटरचा शब्द शेवटचा.

हा मायना मला सहज सुचला, कारण असले मायने लिहिणं हाच आमचा धंदा. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव अर्जपेटी. रजेचा अर्ज, रस्त्याची तक्रार, वारसनोंदीची विनंती, लाउडस्पीकरची परवानगी, संस्थेची नोटीस, भजनी मंडळाचा राजीनामा, सगळं आत तयार. तुम्ही नाव-गाव भरायचं, प्रिंट काढायची, खाली सही ठोकायची. ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं, दूध संस्थांचे सचिव, शाळांचे लिपिक, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे टायपिस्ट, हे आमचे ग्राहक. त्यातले निम्मे मसुदे माझ्या हातचे. वाशीममध्ये मी एकवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. ती बंद पडली तेव्हा मशिनं भंगारात गेली आणि मसुद्यांच्या फायली माझ्याकडे राहिल्या. त्या फायलींवर ही कंपनी उभी राहिली.

उभी केली संतोषने. संतोष माझा विद्यार्थी. टाइप करताना सारखा खाली बघायचा, म्हणून मी त्याच्या बोटांवर फडकं टाकायची. पुढे तो पुण्याला गेला, इंजिनियर झाला, चांगली नोकरी सोडून परत आला आणि माझा बॉस झाला. आता ऑफिसात तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला सर म्हणते, आणि दोघंही हसू दाबतो. तो बोलतो पुण्याची भाषा. घाबरला की ती सुटते आणि आतली वऱ्हाडी बाहेर येते.

त्या सोमवारी अकरा वाजून अकरा मिनिटांनी ती बाहेर आली.

"मॅडम, रिठद गेलं. अकरातले दहा गेले. मले काही समजूनच नाही राह्यलं."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सबस्क्रिप्शन म्हणजे दुधाचा रतीब. ग्राहक महिन्याची वर्गणी भरतो, आम्ही सॉफ्टवेअर चालू ठेवतो. कधीही रतीब बंद करता येतो, आणि लोक करतात. महिन्यात किती जणांनी बंद केला, त्याला इंग्रजीत चर्न म्हणतात. आम्ही गळती म्हणतो. दूधवाल्याने दहा नवी घरं जोडली आणि दहा जुनी सुटली, तर तो दिवसभर सायकल हाणतो आणि संध्याकाळी जिथल्या तिथे असतो. म्हणून या धंद्यात नवे ग्राहक किती यापेक्षा जुने टिकले किती, हे आधी विचारतात.

विचारणारा माणूस गुरुवारी येणार होता. पुण्याचे एक गुंतवणूकदार आमच्या कंपनीत पैसा घालायचं म्हणत होते, आणि त्याआधी त्यांचा नीरज नावाचा तपासनीस आमचे आकडे बघणार होता. त्याला गळती आवडली नाही तर विषय संपला. संतोषने घरी शब्द दिला होता की या वेळी जमलं नाही तर दुकान आवरायचं आणि पुण्याची नोकरी पुन्हा धरायची. त्याला नोकरी मिळाली असती. ऑफिसातल्या आम्हा बाकी चौघांना वाशीममध्ये कोण बसलं होतं नोकरी द्यायला? मी बावन्न वर्षांची. भंगारात जाण्याचा अनुभव माझ्या मशिनांना होता, मला नव्हता, आणि घ्यायचाही नव्हता.

"सर, तुम्ही आकडे बघा," मी म्हणाले. "मी गाव बघून येते." आणि मंगळवारी सकाळी रिसोडच्या एसटीत बसले.

रिठदला पहिला गाठला गजानन. फाट्यावर त्याचं ऑनलाइन सेंटर आहे, आणि वर्गणी बंद केलेल्या दहांत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. मी चेहरा शक्य तितका दुःखी केला. गजाननने खुर्ची पुसून दिली, थंड पाणी मागवलं, आणि अर्जपेटीचं असं कौतुक केलं की मला क्षणभर वाटलं मी चुकीच्या गावात उतरले. अर्जपेटी नसती तर दुकान बंद करावं लागलं असतं, म्हणाला.

"मग बंद कायले केली?"

"बंद कुठी केली ताई? चालूच आहे." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

चालूच होती. समोर वारसनोंदीचा अर्ज अर्धा भरलेला होता. फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथे ग्राहकाचं नाव दिसतं, तिथे गजानन नव्हता. तिथे होतं: कमलाबाई.

मी कोपऱ्याकडे बघितलं. गजाननने छताकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "ताई, बाराले पाच कमी आहे. बारापर्यंतच माहा नंबर आहे. एवढा अर्ज काढू द्या, मंग सांगतो."

कमलाबाई रिठदमधल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. वय साठीच्या पुढे, आवाज असा की हाक मारली तर बैलही वळून बघतो. आमच्या अकरा ग्राहकांतली न सोडलेली अकरावी ती. गटाची भांडी तिच्या घरी असतात. ज्यांनी खेड्यातलं लग्न केलेलं नाही त्यांना सांगते: शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक होईल एवढी भगोणी, गंज, पराती, झारे कुणाच्याच घरी नसतात, आणि असायचं कारणही नसतं. गाव मिळून एक संच घेतं. ज्याच्या घरी कार्य, तो नंबर लावतो, भांडी नेतो, घासून परत आणतो. प्रत्येक भांड्यावर गावाचं नाव कोरलेलं असतं, म्हणजे परात पाहुण्यांबरोबर दुसऱ्या गावी नांदायला जात नाही.

कमलाबाई भांड्यांच्या खोलीच्या दारात राख आणि नारळाची शेंडी घेऊन परात तपासत बसली होती. घासत नव्हती. दुसऱ्याने घासलेली परात किती वाईट घासली आहे, ते तपासत होती.

मी आल्याचं कारण सांगितलं. तिला जराही लाज वाटली नाही. एप्रिलातल्या एका लग्नाच्या पंगतीत गजानन बोलला की तो अर्जपेटी दिवसाला दोन तास उघडतो. दूध संस्थेचा सचिव म्हणाला, मी आठवड्यातून दोनदा. शाळेचा लिपिक म्हणाला, मी महिन्यातून चारदा. कमलाबाई वाढत होती. तिने झारा थांबवला आणि विचारलं, मग गावाने अकरा पराती कशाला घेतल्या?

पुढच्या बैठकीत ठराव झाला. एक अर्जपेटी ठेवायची, तीही कमलाबाईची, कारण भांडी तिच्याकडेच असतात. पंधरा दिवस तसं चालवून बघितलं, आणि सोमवारी सकाळी दहाही जणांनी आपापली बंद केली. आमचं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच ठिकाणी उघडतं, दुसऱ्याने उघडलं की पहिला बाहेर फेकला जातो. त्यामुळे भांडणं होऊ नयेत म्हणून नंबर लावले होते. दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर टाइमटेबल होतं. सोमवार ते शुक्रवार दहा ते बारा गजानन, बारा ते एक दूध संस्था, एक ते दोन शाळा, असं सकाळी सहा ते रात्री नऊ. त्याच्याखाली भांड्यांचं रजिस्टर, त्यातच अर्जपेटीची पानं. कोणी नेली, कुणाच्या कामासाठी, कधी परत केली. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'घासून'.

"हे घासून म्हणजे?"

"तुमचं ते लॉगआउट," कमलाबाई म्हणाली. "घासून नाही ठेवलं तं पुढच्याचा नंबर नाई. दोनदा केलं तं मी पासवर्डच बदलते." मग माझ्या कानाशी येऊन पासवर्ड सांगितला. मोठीपरात, इंग्रजी अक्षरांत.

आता कबुलीजबाब. परतीच्या एसटीत मला संताप यायला हवा होता. आला नाही. मी रिसोड रोडभर हसत आले, आणि शेजारची बाई हळूच उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

संतोषला मात्र संताप आला. तो म्हणाला, ही चोरी आहे, आत्ता लॉक लावतो, एक लॉगिन एक मोबाइल, बस.

"सर, चोर टाइमटेबल लावत नाहीत," मी म्हणाले. "दोन दिवस थांबा. गुरुवार जाऊ द्या. लॉक लावलं तर अकरावीही जाईल आणि गावात आपलं नाव निघेल."

संतोष थांबला. नीरजला काय सांगायचं ते मात्र आम्ही ठरवलं नाही. म्हणजे खरं तर मी ठरवलं होतं: त्याने विचारलं नाही तर सांगायचं नाही. विचारलं तर लग्नसराई म्हणायचं. वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात कुठलंही काम का झालं नाही याचं ते एकमेव मान्य उत्तर आहे.

गुरुवारी सकाळी आठलाच नीरज आला. चाळिशीचा, बारीक, अतिशय सभ्य. चहा नको म्हणाला, पाणी स्वतःचं आणलं होतं. आकडे बघताना पेन्सिलीने छोट्या वहीत काहीतरी लिहायचा आणि वही आपल्याकडे वळवून ठेवायचा, परीक्षेत हुशार मुलं ठेवतात तशी.

सुरुवात बरी झाली. कारंजा लाडचे एक धान्याचे व्यापारी त्याला फार आवडले. चार वर्षं वर्गणी न चुकता, तक्रार नाही, फोन नाही. "आदर्श ग्राहक," तो म्हणाला. या आदर्श ग्राहकाने अर्जपेटी चार वर्षांत एकदाही उघडली नव्हती, हे मला माहीत होतं. मी नम्रपणे मान हलवली.

रिठदवर आला तेव्हा मी लग्नसराई म्हणाले. त्याने वहीत लिहिलं आणि पुढे गेला. संतोषने सुटकेचा निःश्वास टाकला, तोही जरा मोठ्याने.

मग नीरजने ऍक्टिव्ह युजरची यादी उघडली. ऍक्टिव्ह युजर म्हणजे नुसता वर्गणी भरणारा नव्हे, खरोखर उघडून वापरणारा. कोण किती वापरतं त्या क्रमाने नावं लावली. पहिलं नाव कमलाबाई. दुसरं नाव इतकं खाली होतं की स्क्रीन सरकवावी लागली.

"या कोण?" त्याने उत्सुकतेने विचारलं. "सकाळी सहाला उघडतात, रात्री नऊला बंद करतात. आपल्या सगळ्यात चांगल्या युजर याच."

"फार कर्तबगार बाई आहेत," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

ग्राहक कोणता मसुदा उघडतो तेवढं आम्हाला दिसतं, आतला मजकूर दिसत नाही. नीरज ती यादी वाचू लागला. आधी मनात, मग सावकाश मोठ्याने.

"सोमवारी यांनी निराधार पेन्शनसाठी अर्ज केला. मंगळवारी प्रसूती रजेसाठी. मंगळवारीच दुपारी, शाळेत पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून. बुधवारी भजनी मंडळाचा राजीनामा. बुधवारीच, राजीनामा परत घेण्याबाबत. मोकाट वळूची तक्रार. नवरदेवाच्या वरातीला लाउडस्पीकरची परवानगी."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. खोलीत पंखा फिरत होता. संतोष पंख्याकडे बघत होता.

"मॅडम," नीरज म्हणाला, आणि त्याचा आवाज आणखीच सभ्य झाला, "असे अकाउंट मी आधीही पाहिलेत. खरे ग्राहक गळतात, तेव्हा कंपन्या ऑफिसात बसून खोटा वापर दाखवतात. मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण हे मला असंच लिहावं लागेल. आणि असं लिहिलं तर पुढची मीटिंग होणार नाही."

माझी हुशारी आम्हाला कुठे घेऊन आली होती बघा. सोमवारचं खरं सांगितलं असतं तर दहा ग्राहक गेले एवढंच लागलं असतं. आता आम्ही लबाड ठरत होतो. आणि लबाड ठरल्यावर संतोषलाही पुण्यात नोकरी मिळाली नसती.

मी सगळं सांगून टाकलं. परात, नंबर, पुठ्ठा, घासून. नीरज ऐकत होता आणि त्याचा चेहरा सांगत होता की इतकी लांबलचक थाप त्याने आजवर ऐकलेली नाही.

"साहेब, तुमची गाडी आहे ना?" मी विचारलं. "चला."

कमलाबाईच्या घरी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तिने नीरजला खाटेवर बसवलं आणि मठ्ठ्याचा गिलास हातात दिला. नको म्हणायची सोय नव्हती, कारण नको म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. नीरजने गिलास संपवला आणि लॅपटॉप उघडला. त्याला स्वतः या अकाउंटमध्ये जाऊन बघायचं होतं.

"आता नाई," कमलाबाई म्हणाली. "आता गजाननचा नंबर आहे."

नीरजने माझ्याकडे बघितलं. टाळाटाळ, असं त्याच्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं. तो म्हणाला, फक्त दोन मिनिटं. कमलाबाईने मला विचारलं, पाहुणा आहे का. मी म्हणाले, पाहुणाच समजा. तिने नाइलाजाने त्याच्या कानात पासवर्ड सांगितला. त्याने टाइप केला. अकाउंट उघडलं, आणि त्याच क्षणी फाट्यावर गजानन बाहेर फेकला गेला.

आम्हाला ते दिसलं नाही. ऐकू आलं. तीनेक मिनिटांनी गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गजानन दारात उभा राहिला. हातात अर्धवट प्रिंट, मागे काठी टेकत एक म्हातारा.

"कोन घुसलं माह्या नंबरात?"

कमलाबाईने वाढताना झाऱ्याने करावा तसा हाताने नीरजकडे इशारा केला. गजाननने नीरजला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं की भाऊ, या बाबाचा पेन्शनचा अर्ज सोमवारी काढला तो तहसीलने परत पाठवला, आज दुरुस्त करून देत होतो, शेवटच्या ओळीवर होतो. म्हाताऱ्याने दुजोरा द्यायला काठी आपटली.

नीरज काही बोलणार तेवढ्यात शाळेचा लिपिक आला. त्याचा नंबर एकचा, पण गजानन घाईने गाडी पळवताना दिसला म्हणून काय झालं ते बघायला. त्याच्यामागून शाळेतल्या एक बाई, सातव्या महिन्यातल्या, चढ चढून दमलेल्या. त्यांच्या रजेच्या अर्जात तारीख चुकली होती, ती आज बदलायची होती. कमलाबाईने त्यांना खाटेवर जागा करायला नीरजला उठवलं.

नीरज लॅपटॉप पोटाशी धरून भांड्यांच्या दारात उभा. एका बाजूला काठीवाला बाबा, एका बाजूला शाळेच्या बाई.

"घ्या," कमलाबाई म्हणाली. "पेन्शन आली, प्रसूती आली. लाउडस्पीकर बलावू का?"

तो बोलावण्याची गरज पडली नाही. गावात वरात होतीच, तो आपोआप ऐकू येत होता.

पुढचा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. नीरज खाली गोणपाटावर बसला आणि कमलाबाईचं रजिस्टर मांडीवर घेऊन वाचू लागला. पेन्सिल चालू, पण वही लपवणं बंद. आमच्या ऑफिसात भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, त्यावर ग्राहक, गळती, वापर सगळं रंगीत फिरत असतं. त्या स्क्रीनला रिठदमध्ये एक माणूस दिसत होता. कमलाबाईच्या रजिस्टरात त्याच महिन्यात त्रेचाळीस घरं होती, कोणाचं काम, ते झालं की नाही, यासकट. काम झालं की ती नावापुढे हळदीचं बोट लावायची. आमच्या स्क्रीनला अर्ज निघाल्याचं कळतं. त्या अर्जाने पुढे काही झालं का, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

"पण प्रत्येकाने आपापली घेतली तर?" नीरजने शेवटचा प्रयत्न केला. "नंबर लावायला नको, भांडण नको."

"प्रत्येकाच्या घरी मोठी परात कायले पायजे, भाऊ?" कमलाबाई म्हणाली. "लग्न काय रोज असते का? अर्ज तरी रोज असते का? रोज अर्ज लागून राह्यला तं त्या मानसाले अर्जाची नाई, देवाची गरज आहे."

आमच्याबरोबर आलेला संतोष इतका वेळ उंबऱ्यावर बसला होता. आता तो उठला आणि बोलला ती वऱ्हाडीत, पण घाबरून नव्हे. म्हणाला, काकू, अकरा वर्गण्या नकोत, एक गाववर्गणी ठेवू. एकापेक्षा जास्त, अकरापेक्षा पुष्कळ कमी. मी सगळ्यांना एकाच वेळी उघडता येईल असं करून देतो.

आम्हाला वाटलं ती खूश होईल. ती बिथरली. सगळ्यांच्या हाती एकदम झारा दिला तर वाढणार कोण आणि जेवणार कोण, असं तिचं म्हणणं. नंबर गेला तर रजिस्टर जाईल, रजिस्टर गेलं तर कोणाचं काम झालं ते कोणाला कळणार? घासाघीस अर्धा तास चालली. वर्गणीवर पाच मिनिटं, नंबरावर पंचवीस. शेवटी दोनावर तोडगा निघाला: एका वेळी दोघांना उघडता येईल, एक मोठी परात आणि एक लहान परात, दोन्हींचे नंबर वेगळे. आणि तिची एक अट. भांड्यावर गावाचं नाव हवं. संतोषने तिथेच लॅपटॉप उघडून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकलं: मौजे रिठद यांची अर्जपेटी. कमलाबाईने डोळे बारीक करून वाचलं आणि बोटाने स्क्रीनवर घासून बघितलं, पुसलं जातं का.

पुण्याच्या लोकांनी पैसा घातला. मागितला होता त्याच्या निम्मा, पण घातला. नीरजच्या रिपोर्टात रिठदची गळती तशीच दाखवली होती, दहा ग्राहक गेले म्हणून, आणि त्याच्याखाली त्रेचाळीस घरं लिहिली होती. ऑफिस चालू राहिलं. आता सव्वीस गावांची गाववर्गणी आहे. ती सगळी सुरळीत आहेत असं मी म्हणणार नाही. दोन गावांत परात कोणाच्या घरी ठेवायची यावरून गट फुटले आणि अर्जपेटीही बंद पडली. बाकीच्यांची गळती मात्र नगण्य. पडद्यावरचा रंगीत तक्ता आम्ही बदलला. आता तिथे पहिला आकडा येतो किती घरांचं काम झालं हा, आणि तो कॉम्प्युटर नाही, बाया सांगतात.

धडा म्हणाल तर मला दोन मिळाले, आणि दुसऱ्याची किंमत मोजावी लागली. पहिला असा की माणूस निघून गेला की नाही हे मोजण्याआधी तो शेजारच्या घरी बसला आहे का ते बघून यावं. दुसरा कारंज्याच्या आदर्श ग्राहकाचा. यशाच्या भरात मी त्यांना फोन केला आणि फार गोड आवाजात विचारलं, शेठजी, चार वर्षं वर्गणी भरता, एकदाही उघडत नाही, काही अडचण आहे का? ते म्हणाले, बरं झालं बाई आठवण केली, आणि दुसऱ्या दिवशी बंद केली. ही गळती नीरजच्या वहीत माझ्या नावासकट नोंदलेली आहे.

दिवाळीनंतर पुण्यात त्यांच्या मोठ्या साहेबांसमोर मीटिंग होती. संतोष आणि मी गेलो होतो. सोमवार, सकाळचे साडेदहा. काचेचं टेबल, बारा माणसं, सगळी इंग्रजीत. नीरज सूट घालून उभा, पडद्यावर आलेख, रिटेन्शन वगैरे शब्द फार सुंदर बोलत होता. त्याच्या लॅपटॉपवर रिठदचं पहिलं पान उघडून ठेवलेलं, तेही मोठ्या परातीचं, पासवर्ड भरलेला, फक्त बटन दाबायचं बाकी. मोठ्या साहेबांना उत्सुकता आवरली नाही. ते उठून आले आणि बटन दाबायला त्यांनी हात पुढे केला.

आणि नीरजने, बारा माणसांसमोर, त्यांचा हात वरच्यावर धरला.

"सर, नको, नको! आत्ता गजाननचा नंबर आहे."